फाट्यावरची चिंच

काकांचं टेबल खिडकीपाशी. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन ते या कचेरीत आले तेव्हा इथे ड्रॉइंग बोर्ड होते, रोट्रिंगची पेनं होती आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडावी लागायची. एकाच जागी दोन-तीनदा खरवडलं की ट्रेसिंग पेपरला भोक ठरलेलं. त्यामुळे रेघ ओढण्याआधी हात क्षणभर थांबायचा. पुढे बोर्ड गेले, संगणक आले, काका ऑटोकॅड शिकले. हाताचं थांबणं मात्र राहिलं ते राहिलंच. आकडा टाइप करायचा, कागदाकडे एकदा पाहायचं, मगच एन्टर.

समोरच्या टेबलावर नवा मुलगा बसायचा. हुशार होता आणि त्याला कंटाळा लवकर यायचा. हे दोन गुण बहुधा जोडीनेच येतात.

काम आलं रस्ता रुंदीकरणाचं. नऊ किलोमीटरचा जुना रस्ता, दोन्ही अंगांना वड, चिंच, कडुलिंब. सर्व्हेवाल्यांनी टोटल स्टेशन लावून एकेका झाडाचे कोऑर्डिनेट घेतले होते. एक्सेलमध्ये १,१४६ ओळींची यादी. झाडासाठी एक साधा गोल, तो त्या त्या जागी कॉपी करायचा. कुठलं झाड नव्या हद्दीच्या आत येतं नि कुठलं बाहेर राहतं, हे त्या नकाशावरून ठरणार होतं. आत येईल त्याच्या तोडीची परवानगी मागायची.

"तीन दिवस लागतील," काका म्हणाले. साहेबांनी काम मुलाला दिलं.

मुलाने पन्नासेक झाडं हाताने टाकली आणि उठून चहा प्यायला गेला. परत आला तो वेगळा विचार घेऊनच. एक्सेलमध्ये एका सूत्राने दोन्ही आकडे स्वल्पविराम घालून जोडले, अख्खा रकाना नोटपॅडमध्ये ओतला, वर कॉपीची आज्ञा लिहिली, मूळ गोल शून्य-शून्यावर ठेवला आणि फाइल स्क्रिप्ट म्हणून साठवली. पहिल्यांदा चालेना. स्वल्पविरामानंतर एक मोकळी जागा राहिली होती, आणि स्क्रिप्टमध्ये मोकळी जागा म्हणजे एन्टर. ती काढली. हाताने टाकलेली झाडं पुसली, फाइल पुन्हा चालवली. पडद्यावर गोल भराभरा उमटत गेले आणि चहाचा कप गार व्हायच्या आत काम संपलं.

ही काही जादू नव्हे. ऑटोकॅड १९८२ साली आलं, १९८६ पासून त्यात ऑटोलिस्प नावाची भाषाही आहे. तरी कितीतरी कचेऱ्यांत माणसं अजून तेच ते चिन्ह उचलून ठेवत बसतात.

मुलाने पहिली दहा झाडं यादीशी ताडून पाहिली. बरोबर. एकूण गोल मोजले. १,१४६. मग त्याने कुणाला काही सांगितलं नाही. पडद्यावर नकाशा उघडा ठेवला आणि उरलेले दिवस टेबलाखाली मोबाइलवर क्रिकेट पाहिलं. यात त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही. काम लवकर संपवणाऱ्याला आपल्याकडे बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं, हे पहिल्या पगाराआधीच कळतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिंट निघाली. ती काकांच्या टेबलावरून जाणार होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि एका जागी बोट ठेवलं.

"हा आमच्या गावचा फाटा. चिंच कुठंय?"

"कुठली चिंच, काका?"

"एसटी थांबते तिथली. वडाला लागूनच आहे. तीस वर्षं तिच्या सावलीत गाडीची वाट बघतोय मी."

"असेल की. सगळी झाडं आलीत. मोजलीत मी."

"मोजलीस. बघितलीस का?"

मुलाने फाटा मोठा करून पाहिला. वडाचा एकच गोल. त्यावर टिचकी मारली, बाजूला सरकवला, तर खाली दुसरा गोल. चिंच हरवली नव्हती. वडाच्या पोटात शिरली होती. म्हणून तर मोजणी चुकली नाही.

कारण शोधायला रात्र गेली. ओस्नॅप चालू राहिलं होतं. हाताने काम करताना तीच सोय मदतीला येते, कर्सर जवळच्या टोकाला किंवा केंद्राला आपोआप चिकटतो. कीबोर्डवरून टाइप केलेल्या आकड्याला ऑटोकॅड मान देतं, आकडा सांगेल तिथेच बिंदू ठेवतं. पण तोच आकडा स्क्रिप्टमधून आला तर मूळ सेटिंगप्रमाणे स्नॅपचं ऐकतं. स्क्रिप्ट चालवली तेव्हा पडद्यावर नेमका फाट्याचा भाग उघडा होता. दिसणाऱ्या भागातच स्नॅप चालतं, त्यामुळे तिथलीच झाडं ओढली गेली. कुणी शेजाऱ्याच्या केंद्रावर, कुणी हद्दीच्या रेषेच्या टोकावर. पहिली दहा झाडं रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची होती. ती बरोबरच निघणार.

सकाळी त्याने काकांना सगळं सांगितलं, स्क्रिप्टसकट. काका रागावतील असं त्याला वाटलं होतं. काकांनी आधी ती फाइल उघडून दाखवायला लावली. एक्सेलचं सूत्र दोनदा विचारून घेतलं, स्वतःच्या डायरीत उतरवलं.

"मी केलं असतं तर चिंच जागेवर राहिली असती," ते म्हणाले, "पण हजारातले दोन-चार आकडे मीही उलटसुलट टाकले असते. ते कुणाला सापडलेही नसते. तुझं चांगलंय हे." मग जरा थांबून, "तुला दिवस तीन मिळाले होते. काम तासाभरात झालं. बाकीचं काय केलंस?"

मुलगा गप्प राहिला. कुणाची विकेट किती धावांवर गेली हे सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी त्याने स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ऑसमोड शून्य करून ओस्नॅप बंद केलं, शेवटच्या ओळीत पूर्वीचा आकडा परत घातला, आणि नव्याने चालवली. मग कुणी न सांगता आणखी एक काम केलं. नकाशातल्या प्रत्येक गोलाचे कोऑर्डिनेट बाहेर काढून यादीशेजारी लावले आणि फरकाचा रकाना तयार केला. जुन्या नकाशाला तीच चाळणी लावली तर अकरा झाडं जागा सोडून गेलेली निघाली. त्यातली तीन हद्दीबाहेरची आत आली होती. नव्या नकाशात खालपर्यंत शून्य.

"आता नकाशा यादीशी जुळला," तो म्हणाला.

"आणि यादी?" काकांनी विचारलं.

रविवारी सकाळी दोघं फाट्यावर उतरले. मुलाच्या हातात प्रिंट, काकांच्या खिशात लाल पेन्सिल. वडाशी एक खूण झाली, चिंचेशी दुसरी. पुढे चहाची टपरी होती. काकांनी दोन कप सांगितले. मुलगा कागद सांभाळत टपरीच्या मागे गेला आणि तिथूनच त्याने हाक मारली.

"काका, इथे कडुलिंब आहे एक. मोठा. टपरीआड असल्यामुळे टोटल स्टेशनला दिसला नसणार. यादीतच नाहीये."

काकांनी कप बाकावर ठेवला आणि खिशातून टेप काढली.

"वडापासून किती भरतंय बघ. हं, टोक धर."