अ.पा.क.

गेल्या दिवाळीत नांदूरघाटच्या आमच्या घरी मी नवी जोडणी बसवून घेतली. इंटरनेट, टीव्ही आणि फोन, तिन्ही एकाच तारेतून आणि एकाच बिलात. बसवायला आलेला मुलगा माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. त्यानं भिंतीला भोक पाडून तार आत घेतली, पेटीवरचे हिरवे दिवे लागले का ते पाहिलं आणि मोबाईल काढून विचारलं, "कनेक्शन कोणाच्या नावावर टाकू?"

अण्णा तिथंच उभे होते. लागेल म्हणून सकाळीच त्यांनी स्वतःच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणली होती. मी म्हणालो, "माझ्याच नावावर टाक. ओटीपी बिटीपी माझ्याकडेच येऊ दे, त्यांना कशाला त्रास." अण्णांनी झेरॉक्सची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

तेव्हा मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आता वाटतं. नेमकं काय वावगं होतं ते मला सहज सांगता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी घरात काय होतं ते सांगतो. टीव्ही गावातल्या केबलवाल्याकडून होता. २०१९ साली वाहिन्या निवडून घेण्याचा नवा नियम आला. शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पैशाच्या वाहिन्या हव्या असतील तर त्यांचे वेगळे. केबलवाला छापील यादी घेऊन घरी आला होता. अण्णांनी चष्मा लावून, पेन घेऊन, आईला विचारत एकेका वाहिनीवर खूण केली. दोन तास लागले. मी तेव्हा कॉलेजातून घरी आलो होतो आणि हा सगळा प्रकार मला हास्यास्पद वाटला होता.

फोन म्हणजे जुना लँडलाइन. ऊसतोडीला गेलेली गल्लीतली माणसं कारखान्यावरून त्याच नंबरवर फोन करून मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची चौकशी करायची. हा मोबाईल येण्याआधीचा काळ. अलीकडं तो फारसा वाजत नव्हता, पण चालू होता. आणि इंटरनेट म्हणजे मोबाईलवर मिळेल तेवढं. २०२० च्या टाळेबंदीत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. रेंज मिळावी म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मी तास ऐकले आहेत.

तेव्हा हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की नवी जोडणी मी आईवडिलांसाठी घेतली असं सगळ्यांना सांगितलं असलं, तरी ती निम्मी माझ्यासाठी होती. पुण्याहून येऊन आठ-पंधरा दिवस घरून काम करता यावं, ही माझी गरज. पण एकदा ती आल्यावर बाकी सगळं त्यात कोंबणं मला तर्काला धरून वाटलं. तीन ठिकाणी पैसे कशाला भरायचे? मी केबल बंद करायला लावली. लँडलाइन परत करण्याच्या अर्जावर अण्णांनीच सही केली. सही त्यांची होती, पण ठरवलं मी होतं. मोबाईलचा नंबर २०११ पासून कंपनी बदलली तरी तसाच ठेवता येतो. लँडलाइनला ती सोय नाही. नंबर गेला तो गेलाच.

आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून ठाऊक होती, पण मी ती बोललो नाही. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून तारेनंच मिळते, म्हणून घरातली लाइट गेली तरी तो चालतो. फायबरच्या पेटीला घरातली वीज लागते. लाइट गेली की इंटरनेट, टीव्ही आणि फोन एकदमच जातात. आमच्याकडं लाइट किती वेळा जाते हे बीड जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको.

तरी पहिले तीन महिने सगळं छान चाललं. आई जुन्या मालिका मागं-पुढं करून बघायला शिकली. बिल माझ्या कार्डावरून आपोआप जात होतं. मी खूश होतो.

मग फेब्रुवारीत अण्णांचं आणि माझं भांडण झालं. विषय बैलजोडीचा. गुडघे दुखतात, वैरण महाग, ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, तर बैल विकून टाका असं माझं म्हणणं. ते नाही म्हणाले. मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा नाही म्हणाले. शेवटी मी म्हणालो, "मग तुमचं तुम्ही बघा," आणि फोन ठेवला. त्यानंतर चार-पाच दिवस आम्ही बोललो नाही.

पाचव्या दिवशी रात्री जुने ईमेल चाळताना कळलं की माझ्या कार्डाची मुदत संपली होती, बिल गेलं नव्हतं आणि तीन दिवसांपासून घरची जोडणी बंद होती. मी लगेच पैसे भरले आणि आईच्या मोबाईलवर फोन केला. "आई, टीव्ही चालू आहे का बघ बरं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "केलास का चालू?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. टीव्ही बंद पडला तेव्हा ती मला फोन करणार होती. अण्णा म्हणाले होते, "त्यानंच बंद केलं असल. राहू दे. इचारू नको."

मला भयंकर राग आला. मी असा माणूस आहे का? भांडण झालं म्हणून आईबापाचा टीव्ही बंद करीन? इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढंच ओळखलं? दोन दिवस मी हेच घोकत होतो. राग ओसरल्यावर लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न विचारतो आहे. मी तसं केलं असतं का, हा प्रश्न नव्हताच. मला तसं करता येत होतं का, हा प्रश्न होता. आणि येत होतं. पुण्यात बसून, अंगठ्यानं, त्यांना न विचारता. माझ्यातल्या चांगुलपणाखेरीज मला अडवणारं काहीही नव्हतं. अण्णांनी माझ्या स्वभावाबद्दल चुकीचा अंदाज केला, पण घरातल्या परिस्थितीबद्दल त्यांचा अंदाज अगदी बरोबर होता.

फिलिप पेटिट या तत्त्वज्ञानं १९९७ च्या 'रिपब्लिकनिझम' या पुस्तकात स्वातंत्र्याची जी कल्पना मांडली आहे ती इथं मला उपयोगी पडली. आपण सहसा मानतो की माझ्या कामात कोणी आडवं येत नसेल तर मी स्वतंत्र. पेटिट म्हणतो, तेवढं पुरेसं नाही. दयाळू मालकाच्या गुलामाला मालक कधीच अडवत नसेल, तरी तो गुलामच असतो, कारण मालकाला हवं तेव्हा अडवता येतं. अशा माणसाला मालकाच्या मर्जीकडं एक डोळा ठेवून जगावं लागतं. आमच्या घराला गुलामी हा शब्द मी लावणार नाही, तो फार मोठा होईल. पण 'राहू दे, इचारू नको' हे त्या एका डोळ्याचंच बोलणं होतं.

आमच्या गावाकडं याला दुसरा, अधिक जवळचा शब्द आहे. सातबाऱ्यावर काही नावांपुढं 'अ.पा.क.' असं लिहिलेलं असतं. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो 'अज्ञान'. त्याच्या नावावर जमीन असते, पण व्यवहार पालनकर्ता बघतो. माझे आजोबा लवकर गेले. तेव्हा अण्णा नऊ वर्षांचे होते आणि सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढं 'अ.पा.क. भाऊ' अशी नोंद लागली. थोरल्या चुलत्यांनी अण्णांना वाढवलं, शिकवलं, त्यांचं लग्न लावलं. जमिनीत कधी एक फूट इकडचं तिकडं केलं नाही. पण अण्णा अठराचे झाले तरी ती नोंद कोणी काढली नाही. काढायला अर्ज करावा लागतो, वयाचा दाखला जोडावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. विषय निघाला की चुलते म्हणायचे, "काय घाई आहे? मी आहे ना."

अण्णा सव्वीस वर्षांचे असताना पीककर्ज मागायला गेले, तेव्हा कागदावर ते अजून अज्ञानच होते. हा किस्सा ते नेहमी हसून सांगतात, "माझ्या लग्नात मी अज्ञान होतो." लहानपणापासून ऐकलेला हा विनोद आहे. चुलत्यांबद्दल ते कधी वाकडं बोललेले नाहीत. पण नोंद काढायला गेले तो दिवस त्यांना वारासकट आठवतो.

इमॅन्युएल कांटनं १७८४ साली प्रबोधन म्हणजे काय यावर एक छोटा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की प्रबोधन म्हणजे माणसानं स्वतःच ओढवून घेतलेल्या अज्ञानपणातून बाहेर येणं. त्याचा मूळ जर्मन शब्द वयात न आल्याची कायदेशीर स्थिती दाखवणारा आहे, म्हणजे आपल्या सातबाऱ्यावरचाच 'अज्ञान'. पालनकर्ते मोठ्या मायेनं देखरेख पत्करतात आणि मग आपल्या माणसांना पांगुळगाड्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, असं तो म्हणतो. पण एका ठिकाणी माझं त्याच्याशी जमत नाही. तो दोष बराचसा आळसाला आणि भित्रेपणाला देतो. अण्णा आळशी नव्हते आणि भित्रेही नव्हते. ते झेरॉक्स घेऊन उभे होते.

यावर एक सरळ आक्षेप आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. घरात कोणीतरी हे बघायलाच हवं. अण्णांना ॲप चालवायचं नाही, बिलाच्या तारखा लक्षात ठेवायच्या नाहीत. त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, "मला काय कळतंय त्यातलं, तूच बघ." मग मी पाहिलं, त्यात बिघडलं काय?

याचंही उत्तर मला महसुली भाषेतच सापडलं. अज्ञान पालनकर्ता आणि मुखत्यार, दोघंही दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करतात. बाहेरून पाहिलं तर दोघांचं काम सारखंच दिसेल. फरक एवढाच की मुखत्यारपत्र देणारा माणूस ते रद्द करू शकतो. अज्ञान माणूस आपल्या पालनकर्त्याला रद्द करू शकत नाही. 'तूच बघ' म्हणताना अण्णा मला मुखत्यार करत होते. मी मात्र पालनकर्ता होऊन बसलो. त्यांना उद्या 'आता तू बघू नको' म्हणायचं असतं, तर ते म्हणण्यासाठी लागणारा ओटीपीसुद्धा माझ्याच फोनवर आला असता.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व आहे की संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज ती मागंही घेता आली पाहिजे. ते कंपन्यांसाठी आहे. ऑफिसात आम्ही त्यावर बैठका घेतो. एका माणसाच्या हातात एकमेव किल्ली ठेवायची नाही, हा तर आमचा पहिला धडा. तो माणूस सोडून गेला, आजारी पडला, चिडला, तर काय, हे विचारल्याशिवाय आम्ही काही पुढं जाऊ देत नाही. घरी मी हा प्रश्न विचारला नाही, कारण तो माणूस मी होतो.

पूर्वी केबल, फोन आणि मोबाईल या तिन्हींचे धागे वेगवेगळ्या हातात होते. एक तुटला तर दोन उरायचे आणि कुठल्याच धाग्यावर माझा हात नव्हता. तिन्ही एकत्र बांधल्यानं खर्च कमी झाला हे खरं. पण बांधताना गाठ माझ्या हातात आली, आणि ती कोणाच्या हातात असावी हे मी कोणाला विचारलं नाही.

पाडव्याला घरी गेलो तेव्हा जोडणी अण्णांच्या नावावर केली. तीच झेरॉक्स वापरली, ती टीव्हीच्या कपाटात ठेवलेली होती. नोंदणीचा मोबाईल त्यांचा. पैसे मीच भरतो, पण भरायला गेलो की ओटीपी त्यांच्याकडं जातो आणि ते फोनवर एकेक आकडा वाचून दाखवतात. यात धोका आहे, हे मला माहीत आहे. ओटीपी विचारून फसवणाऱ्यांचे फोन गावोगावी येतात आणि आता असा फोन माझ्याऐवजी त्यांना येणार. मी त्यांना समजावून सांगितलं आहे. त्यापलीकडं काय करावं हे मला कळत नाही. सगळे धोके काढून घ्यायचे तर सगळ्या किल्ल्याही परत घ्याव्या लागतील.

नावावर झाल्यावर अण्णांनी पहिला निर्णय घेतला तो केबल पुन्हा घेण्याचा. इंटरनेट राहू द्यायचं, त्यातला टीव्हीही राहू द्यायचा, आणि वर केबलसुद्धा. मी म्हणालो, "अण्णा, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील."

ते म्हणाले, "जाऊ देत की. तो महिन्याला येतोय, बसतोय, बोलतोय. माझे मी देतो."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आकड्यांसकट. ते गिळायला मला बराच वेळ लागला. ज्याला चूक करायची मुभा नाही तो सज्ञान नव्हे, हे मी तोवर मनाशी पक्कं केलं होतं. पण मनाशी पक्कं करणं आणि समोर बसून दरमहा तीनशे रुपये वाया जाताना बघणं यात फरक असतो. शिवाय ती चूक आहे का, याचीही मला आता पूर्वीइतकी खात्री नाही.

बैल अजून दावणीला आहेत. आम्ही त्याबद्दल अधूनमधून भांडतो. मागच्या भांडणात अण्णांनीच फोन ठेवला.