प्रारब्ध आणि किरणोपचार

गर्भाशयमुखाच्या अथवा गुदाशयाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार घेतलेली एखादी वृद्ध स्त्री रोगमुक्तीचा निर्वाळा मिळाल्यावर वर्षा-दीड वर्षाने कमरेच्या असह्य वेदनेने अंथरुणास खिळते, आणि न पडता, न धडपडता तिच्या त्रिकास्थीला तडा गेल्याचे निष्पन्न होते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी ‘प्रारब्ध’ म्हणून मोकळी होतात. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. त्यांच्या तत्त्वज्ञानाविषयी मात्र माझी तक्रार आहे.

ज्याचे कारण जन्मांतरात दडलेले आहे आणि ज्याची कैफियत कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही, त्यास प्रारब्ध म्हणावे. येथे कारण उघड आहे. किरणांनी कर्कपेशींबरोबर अस्थी घडविणाऱ्या पेशीही मरतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात, मज्जेची जागा मेद घेतो, आणि ऋतुनिवृत्तीने आधीच विरळ झालेल्या हाडास नित्याचा भारही पेलवेनासा होतो. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या, पासष्टीच्या पुढील स्त्रियांच्या अभ्यासात, गुदद्वाराच्या कर्करोगावर किरणोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा 14 जणींना पाच वर्षांत कटिभागाचा अस्थिभंग झाला. किरणे न घेतलेल्यांत हेच प्रमाण 7.5 होते. जे असे आगाऊ मोजता येते ते क्रियमाण कर्म होय, आणि क्रियमाणाला कर्ता असतो.

मग वैद्य दोषी काय? सदोष असले तरी स्वकर्म टाकू नये, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आत्मसंरक्षणाचा विचार करताना उद्दिष्ट परिणाम आणि उद्देशाबाहेरचा परिणाम यांत जो विवेक केला, त्याचाही कौल वैद्याच्याच बाजूचा पडेल. मला तो मान्य आहे; हाडे राखून प्राण घालविण्यात कोणता धर्म? परंतु निर्दोष ठरणे निराळे आणि जबाबदारीतून सुटणे निराळे. हेतू शुद्ध असल्याने पाप लागत नसेल. पण पुढचे दिसत असताना मौन धरणे हे स्वतंत्र कर्म आहे, आणि त्यास ना गीतेचा आधार आहे, ना अक्वायनसचा.

म्हणून संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी हा धोका रुग्णाला तिच्या भाषेत सांगावा आणि तिच्या हाडांची घनता तपासावी. घरच्यांनीही, कंबर दुखू लागताच, रोग उलटल्याच्या धास्तीने वा दैवाचा भोग समजून ते दुखणे झाकू नये. एमआरआयने असा भंग ओळखता येतो, आणि विश्रांती व वेदनाशामके एवढ्यावर पुष्कळदा तो काही महिन्यांत सांधतो.