परभाषेतील लेखन आणि परीक्षकाचा न्याय

दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे लेखन तपासताना परीक्षक नेमके काय तपासत असतो, हा प्रश्न सामान्यतः अध्यापनशास्त्राच्या कक्षेतला, म्हणजे काहीसा तांत्रिक, मानला जातो. निकष ठरवावेत, गुणांची विभागणी करावी, परीक्षकांमध्ये एकवाक्यता आणावी, की तो सुटला असे समजण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात तो नैतिक प्रश्न म्हणून मांडावयाचा आहे. आशय आणि अभिव्यक्ती यांचे नाते, तसेच लेखकत्वाची कल्पना, यांविषयी साहित्यसमीक्षेने जे चिंतन केले आहे, ते या प्रश्नाला थेट भिडते असे मला वाटते.

विवेचनाला आधार म्हणून एक अनुभव नोंदवतो. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीचा इंग्रजीतला लघुप्रबंध माझ्याकडे तपासण्यास आला. तिचे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले होते. प्रबंधात दोन प्रकारचे इंग्रजी होते. काही परिच्छेद अडखळणारे, पण विचाराचा माग सोडू न देणारे. काही अत्यंत सफाईदार, आणि तीन-चार संदर्भग्रंथांतून निर्देशाविना उचललेले. तिला बोलावून मी म्हणालो, "ही वाक्ये तुझी नाहीत." ती म्हणाली, "सर, माझी असती तर तुम्ही त्यांच्याखाली लाल रेघ मारली असती. यांच्याखाली मारता येत नाही." पहिल्या प्रकारच्या परिच्छेदांखाली मी खरोखरच लाल रेघा मारल्या होत्या.

तिच्या उत्तरात उद्धटपणा नव्हता. ते परिस्थितीचे अचूक वर्णन होते. आपण विद्यार्थ्यासमोर दोन आज्ञा एकाच वेळी ठेवतो. भाषा निर्दोष असली पाहिजे, ही पहिली. भाषा तुझी स्वतःची असली पाहिजे, ही दुसरी. ज्याची स्वतःची भाषा आणि निर्दोष मानली जाणारी भाषा जवळजवळ एकच आहे, त्याला या आज्ञांतला विरोध जाणवतच नाही. ज्याच्या बाबतीत त्या दोहोंत अंतर आहे, त्याला मात्र एक पाळताना दुसरी मोडावी लागते. नियम सर्वांना सारखाच लागू केला म्हणजे न्याय झाला, ही समजूत येथे अपुरी ठरते.

हे अंतर केवळ परभाषेमुळे पडते असेही नाही. प्येर बोर्द्यू आणि ज्याँ-क्लोद पासरों यांनी 1965 साली फ्रेंच विद्यापीठांतील अध्यापनव्यवहाराची चिकित्सा करताना असे दाखवले, की विद्यापीठीय भाषा ही कोणाचीच मातृभाषा नसते. मात्र तिच्यापासूनचे अंतर निरनिराळ्या सामाजिक वर्गांच्या बाबतीत कमीअधिक असते. पॅरिसमधील फ्रेंचभाषक विद्यार्थ्याविषयी जे खरे, ते बीड किंवा गडचिरोली जिल्ह्यातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याविषयी अधिकच खरे आहे. त्याला एक नव्हे, दोन अंतरे तोडावयाची असतात.

आता गुणपत्रिकेच्या रकान्यांकडे वळू. 'आयेल्ट्स' या 1989 पासून रूढ झालेल्या चाचणीत लेखनाचे मूल्यमापन चार सारख्या भाराच्या निकषांवर होते: विषयाला दिलेला प्रतिसाद, सुसंगती व सांधेजोड, शब्दसंपदा, आणि व्याकरणाची विविधता व अचूकता. ही चाचणी भाषेची आहे आणि ती तसे उघडपणे सांगते. भाषेला गुण देण्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. अडचण निराळ्या ठिकाणी आहे. इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या किंवा साहित्याच्या उत्तरपत्रिकेत भाषेचा रकाना नसतो, आणि तरीही तो परीक्षकाच्या मनात असतो. 'मांडणी विस्कळीत', 'पकड नाही', 'आकलन वरवरचे' अशा शेऱ्यांपैकी किती शेरे विचाराविषयीचे असतात आणि किती उपपदे व क्रियापदे यांच्या चुकांमुळे परीक्षकाच्या मनात उमटलेल्या प्रतिमेविषयीचे, हे त्यालाही सांगता येत नाही. न सांगितलेल्या निकषावर केलेले मूल्यमापन अचूक असले तरी न्याय्य नसते, कारण त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाच उरत नाही.

येथे समीक्षेच्या अभ्यासकाकडून एक आक्षेप संभवतो. आशय आणि अभिव्यक्ती यांची फारकत करता येत नाही, हे तर आपण पहिल्या वर्षापासून शिकवतो. मग 'विचार चांगला, भाषा कच्ची' असे म्हणणे हीच विसंगती नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. परंतु त्यात कवितेविषयीचा सिद्धान्त सर्व लेखनावर जसाच्या तसा लादला जातो. कवितेचे दुसऱ्या शब्दांत पुनर्कथन केले की कविता उरत नाही, असे आपण मानतो. ज्ञानव्यवहारातील युक्तिवादाची प्रतिज्ञा नेमकी याच्या उलट आहे. तो दुसऱ्याला आपल्या शब्दांत मांडता आला पाहिजे, तपासता आला पाहिजे, खोडता आला पाहिजे. पुनर्कथनक्षमता हा अशा लेखनाचा दोष नसून त्याची अट आहे. हे मान्य केले तर परीक्षकाच्या हाती एक कसोटी येते: हे लेखन वाचून यातील म्हणणे मला माझ्या शब्दांत सांगता येते का, आणि त्याच्याशी वाद घालता येतो का? ज्या चुकीमुळे हे अशक्य होते ती चूक विचारालाही बाधक आहे. जी चूक केवळ लेखक कोठून आला आहे एवढेच सांगते, ती दुरुस्त जरूर करावी, पण विषयाच्या गुणांतून वजा करू नये.

दुसरा आक्षेप संस्कृतीच्या दिशेने येतो. रॉबर्ट कॅप्लन यांनी 1966 मध्ये निरनिराळ्या भाषासमूहांतील परिच्छेदरचनेच्या आकृत्या काढल्या. इंग्रजीची सरळ रेषा, 'पौर्वात्य' लेखनाचे आत वळत जाणारे वर्तुळ. या आकृत्यांवर पुढे बरीच टीका झाली, आणि ती रास्त होती. कारण लेखनप्रकाराचा संकेत हा तेथे एका समाजाच्या मनाचा आकार बनला होता. जॉन स्वेल्स यांचे 1990 मधील विवेचन या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. शोधनिबंधाच्या प्रास्ताविकात लेखक आधी क्षेत्र प्रस्थापित करतो, मग त्यातील रिकामी जागा दाखवतो, आणि शेवटी ती जागा स्वतः व्यापतो, असे त्यांनी दाखवले. ही सरळ रेषा कोणाच्या रक्तात नसते. ती शिकावी लागते, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्यालाही. आणि जे शिकावे लागते ते शिकवण्याची जबाबदारी कोणावर तरी येते.

उसन्या वाक्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपली परंपराच भाष्याची आणि पाठांतराची, तेव्हा येथे वाङ्मयचौर्याची कल्पना गैरलागू आहे, असे समर्थन कधीकधी केले जाते. मला ते पटत नाही. ज्ञानेश्वरी गीतेवर उभी आहे हे ती लपवत नाही. भाष्यकारांचे ऋणही ती मानते. भाष्यपरंपरेत दुसऱ्याच्या शब्दाशी असलेले नाते उघड असते, म्हणून लपवालपवीला ती आधार देऊ शकत नाही. परंतु बाख्तिन यांनी सांगितलेले दुसरे सत्यही विसरता येत नाही. शब्द आपल्या हाती येतो तो दुसऱ्यांच्या हेतूंनी व्यापलेला असतो, आणि तो आपला करून घेणे ही कष्टाची प्रक्रिया असते. अर्धी आपली, अर्धी परकी अशी वाक्ये ही त्या प्रक्रियेची मधली अवस्था आहे. फसवणुकीचा हेतू आणि ही अवस्था यांत फरक न करणारा परीक्षक नियम पाळतो, पण विद्यार्थी वाचत नाही.

या कोंडीला अलीकडे तिसरी बाजू जोडली गेली आहे. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्याचा दावा करणारी सात साधने स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तपासली आणि निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध केले. 'टोफेल'साठी परभाषकांनी लिहिलेल्या 91 निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र ती जवळजवळ अचूक होती. कारण साधे आहे: मर्यादित शब्दसंपदेने जपून लिहिलेले वाक्य अपेक्षित वळणाने जाते, आणि अपेक्षित वळण हीच यंत्राची खूण मानली गेली होती. म्हणजे चुकले तर कच्चे, उसने घेतले तर चोर, आणि जपून बरोबर लिहिले तर यंत्र. परभाषेत लिहिणाऱ्याने उभे राहावे तरी कोठे?

यावर उपाय म्हणून सहानुभूतीने गुण वाढवणे मला मान्य नाही. दयेने दिलेला गुण म्हणजे लेखन गांभीर्याने वाचण्यास दिलेला नकारच होय. शिवाय लिसा डेल्पिट यांनी 1988 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विद्यार्थ्यांच्या संदर्भात जे बजावले ते येथेही लागू आहे: सत्तेच्या व्यवहाराचे संकेत उघडपणे न शिकवणे हे उदारतेच्या नावाखाली विद्यार्थ्याला बाहेर ठेवणे आहे. संकेत शिकवलाच पाहिजे. मात्र तो संकेत म्हणून शिकवावा, बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून नव्हे. आणि जे शिकवले नाही त्याचे गुण कापू नयेत, एवढे पथ्य तरी परीक्षकाने पाळावे.

त्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंध मी परत केला. उसने परिच्छेद काढून तेथे तेच म्हणणे स्वतःच्या इंग्रजीत, निर्देशासह लिहावे, असे सांगितले. आणि त्या इंग्रजीतील चुकांचे गुण कापणार नाही, असे आश्वासन दिले. नवी प्रत आली ती पहिलीपेक्षा ओबडधोबड होती. तिच्यात एका ग्रंथकाराच्या मताशी तिने मतभेद नोंदवला होता. पहिल्या प्रतीत त्याच ग्रंथकाराची वाक्ये होती, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. आश्वासन मी पाळले. परंतु ते देण्याचा अधिकार मला होता का, आणि ज्या विद्यार्थ्यांना तसे आश्वासन कोणीच दिले नाही त्यांच्या गुणांचे काय, या प्रश्नांची उत्तरे एकट्या परीक्षकाच्या सद्भावनेतून मिळणारी नाहीत. ती विद्यापीठांच्या निकषांत लिहिली गेली पाहिजेत.