अवजाराचा चांगुलपणा

जुन्या दिल्लीतील चावडी बाजाराचे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. चावडी या मराठी शब्दावरूनच ते आले अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, पारख आणि निवाडा यांच्याशी असलेले त्या जागेचे नाते मात्र आजही तुटलेले नाही. जामा मशिदीपासून हौज काझीपर्यंत जाणाऱ्या या रस्त्यावर आणि त्याच्या गल्लीबोळांत बिजागऱ्या, कड्या, कुलपे, तोट्या, पकडी, पाने आणि कानशी यांची दुकाने आहेत. जाणते गिऱ्हाईक पकड हातात घेते, तिचे जबडे मिटून उजेडासमोर धरते आणि मधून फट दिसते का ते पाहते. पान्याचे वजन तळहातावर जोखले जाते. त्यावर कोरलेल्या नावाकडे नजर जाते ती सर्वांत शेवटी.

याच दिल्लीतून, नोएडातून किंवा गुरुग्राममधून एखादा गृहस्थ अमेरिकेत वा जर्मनीत जाऊन स्थायिक होतो, तेव्हा त्याची पारख एकदम उलटी होते. तो आधी नाव पाहतो. तिकडचा पेचकस वर्षानुवर्षे टिकतो, इकडच्याचे टोक पहिल्याच घट्ट स्क्रूवर वळत असे. तिकडच्या पान्याचे जबडे नटावर घट्ट बसतात, इकडचा पाना नटाचे कोपरे खाऊन टाकी. हा अनुभव खोटा नसतो. परंतु त्यातून पुढचे पाऊल फार सहज टाकले जाते. तिकडची अवजारे चांगली, म्हणून तिकडची माणसे प्रामाणिक. इकडची अवजारे वाईट, म्हणून इकडची माणसे वरवरची, असा तो निष्कर्ष असतो. पोलादाविषयी सुरू झालेले बोलणे दोन वाक्यांत लोकांच्या चारित्र्यावर येऊन थांबते. असा निवाडा करण्याचा अधिकार नेमका कशातून येतो?

इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनाहून जर्मनीचे प्रतिनिधी फ्रान्झ रूलो यांनी मायदेशी कळवले, की जर्मन माल स्वस्त आहे आणि वाईटही आहे. त्या काळी झोलिंगेनच्या चाकू-सुऱ्यांवर शेफील्डचे नाव कोरून त्या विकल्या जात. म्हणून ब्रिटिश संसदेने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पाडले. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होता. एका पिढीच्या आत तो प्रशस्तिपत्र ठरला. एवढ्या अवधीत एका राष्ट्राचा स्वभाव बदलतो असे मानणे कठीण आहे. बदलली ती पोलादाची प्रत, कारखान्यांतली शिस्त, तंत्रशिक्षण आणि डागाळलेल्या नावाची लाज. आज ‘मेड इन चायना’ हे शब्द वाचून नाक मुरडणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

मुळात अवजाराचा चांगुलपणा हा अवजारात असतो का? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात म्हटले आहे, की वस्तूचे खरे ज्ञान ती वापरणाऱ्याला असते. बासरीच्या गुणदोषांविषयी वादकाने सांगावे आणि कारागिराने ऐकावे. ही दृष्टी स्वीकारली, तर गुण हा पोलादाचा धर्म राहत नाही. पोलाद, हात आणि काम या तिघांच्या नात्यात तो वसतो. जपानी करवत ओढताना कापते, युरोपीय करवत ढकलताना. उभे राहून बाकावर काम करणाऱ्या युरोपीय सुताराला जे योग्य वाटते, ते जमिनीवर बसून पायाच्या पकडीत लाकूड धरणाऱ्या आपल्याकडच्या सुताराला गैरसोयीचे वाटू शकते. त्याचा वाकस, त्याची पटाशी, त्याचा रंधा हे त्याच्या बैठकीला जुळलेले असतात.

घराच्या भिंतीचेही तसेच आहे. अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. तेथे खिळा एका ठोक्यात आत जातो आणि ठोकणारा खिळ्याची स्तुती करतो. दिल्लीच्या विटा-सिमेंटच्या भिंतीत तोच खिळा वाकेल. अमेरिकेतून हौसेने आणलेले, तारेवर चालणारे ड्रिल यंत्र येथे भिंतीपर्यंतही पोहोचत नाही. ते १२० व्होल्टच्या विजेसाठी घडवलेले असते, येथील घरात २३० व्होल्टची वीज येते, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर न ठेवता बटण दाबले तर उत्तम प्रतीचे ते यंत्र काही क्षणांत जळण्याची भीती असते. तिकडची भिंत, तिकडची वीज, तिकडचे मोडल्यास बदलून देणारे दुकान, या सगळ्यांसह ते चांगले होते. यंत्र विमानातून आले. बाकीचे तिकडेच राहिले.

हायडेगरने १९२७ साली लिहिले, की चालता हातोडा कुणाच्या लक्षात येत नाही. तो मोडतो तेव्हा दिसतो. स्थलांतर ही अशीच मोडतोड आहे. हाताची सवय मोडते, म्हणून इतकी वर्षे न दिसलेले अवजार एकाएकी दिसू लागते.

मात्र काही स्थलांतरितांना तुलनेची चैनही मिळाली नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माइल खान वगैरे भागांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ पासून दिल्लीच्या दक्षिणेला फरिदाबादची वसाहत उभी राहू लागली. डॉ. राजेंद्र प्रसाद विकास मंडळाचे अध्यक्ष होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या ‘इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन’ने निर्वासितांच्या श्रमिक सहकारी संस्था उभारल्या आणि ठेकेदाराऐवजी राहणाऱ्यांनीच आपली घरे बांधावीत असा आग्रह धरला. या कार्यात असलेल्या लक्ष्मीचंद जैन यांनी पुढे १९९८ साली त्याची हकीकत ग्रंथरूपाने सांगितली. ज्यांचे हात तराजूला किंवा नांगराला सरावले होते, त्यांनी थापी आणि फावडे उचलले. त्या वसाहतीला मिळालेला डिझेल इंजिनांचा कारखाना हाही एक प्रकारे निर्वासितच होता. युद्धभरपाई म्हणून जर्मनीतून आलेली ती यंत्रसामग्री दूरच्या बंदरात खोक्यांत पडून होती. पुढे १९५९ साली याच फरिदाबादेत जर्मन सहकार्याने आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. यंत्र परके, हात परके, जमीनही परकी; आणि तरी काम झाले. ‘कोणत्या देशाचे अवजार चांगले’ हा प्रश्न त्या थापी धरणाऱ्याला कुणी विचारला असता तर तो बहुधा गोंधळला असता. अवजार मिळाले, हे त्याच्या दृष्टीने पुरेसे होते.

अर्थात, यातून वाईट अवजाराला क्षमा करण्याची पळवाट काढता कामा नये. ‘आपल्याकडचा कारागीर मोडक्या हत्यारानेही काम करतो’ हे कौतुक ज्यांच्या हातात हातोडा नसतो तेच बहुधा करतात. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील मजूर चौकांत रोज सकाळी बिहार, उत्तर प्रदेश, बुंदेलखंडातून आलेली माणसे कामाची वाट पाहत उभी असतात. रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो, गवंड्यापुढे थापी असते, सुताराच्या पिशवीतून करवतीची मूठ डोकावते. त्यांच्याजवळ दुसरे प्रमाणपत्र नसते. अवजार हीच ओळख. घरमालक वर्षातून दोनदा पेचकस वापरतो. त्याचे टोक वळले तर त्याची सुटी वाया जाते, एवढेच. ज्याला दिवसभर छिन्नीवर घाव घालायचे आहेत, त्याच्या छिन्नीचे डोके कच्च्या पोलादामुळे पसरले, तर उडालेली कपची त्याच्या डोळ्यात जाते. हातोड्याचे डोके दांड्यातून निसटले तर पायाचे बोट जाते. स्वस्त अवजारात वाचलेला पैसा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या शरीरातून वसूल होतो. तुलनेचा खरा नैतिक प्रश्न दोन देशांत नाही, तो या दोन हातांत आहे.

मग हमी कोणी द्यायची? गावगाड्यातल्या लोहाराने घडवलेली विळी बोथट निघाली, तर शेतकरी त्याच्याच भात्यापुढे जाऊन उभा राही. बलुत्याचे धान्य वर्षाने द्यायचे असे, आणि तक्रार त्याआधीच करता येई. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती. तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही. पण तेथे घडवणारा दिसत असे, हे खरे. बाजारात तो दिसेनासा झाला आणि त्याच्या जागी चिन्ह आले. १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो, दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरून त्या चिन्हाचा कारभार पाहते. आयएसआयची ती खूण म्हणजे अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. तो पाळला जाईल असे गृहीत धरता येणे हीच स्थलांतरिताने परदेशात अनुभवलेली गोष्ट असते, आणि तो तिला चुकून पोलाद म्हणतो.

दिल्लीच्या पदपथांवर गाडिया लोहार अजून बसतात. चितोड पडल्यावर घराबाहेर पडलेल्या पूर्वजांची आण ते सांगतात. १९५५ साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्यांना समारंभाने चितोडगडावर नेण्यात आले, तरी अनेकांची वाट संपली नाही. भंगारातल्या लोखंडापासून ते चिमटे, हातोडे, तवे घडवतात. त्यांच्या हातोड्यावर कोणतेच चिन्ह नसते, पण घडवणारा समोर बसलेला असतो.

देशाभिमानाने आणि देशनिंदेने तुलना करणाऱ्या दोघांनाही आणखी एक अडचण आहे. अवजाराला देश असतोच असे नाही. जालंधर आणि लुधियाना येथील भट्ट्यांत घडलेले पाने युरोप-अमेरिकेत जातात, आणि तेथे पोहोचलेला पंजाबी किंवा मराठी माणूस कदाचित तेच विकत घेऊन ‘पाहा, याला म्हणतात पोलाद’ असे म्हणतो. नाशिकच्या टपारिया कारखान्याचा आरंभ १९६९ साली स्वीडिश तंत्रसहकार्याने झाला. कमीजास्त होणाऱ्या पान्याला तर फ्रेंच आणि इटालियन लोक इंग्रजी किल्ली म्हणतात, पोलंडमध्ये तो फ्रेंच ठरतो आणि डेन्मार्कमध्ये स्वीडिश. जो तो त्याला शेजाऱ्याच्या नावाने ओळखतो.

परदेशातून कुणी पान्यांचा संच आणून दिल्लीतल्या मिस्त्रीला दिला, तर निम्मे पाने पेटीतच राहतात. ते इंचांत असतात, आणि १९५६ च्या कायद्यापासून हा देश मिलिमीटरमध्ये मोजतो. अर्ध्या इंचाचा पाना १३ च्या नटावर चढतच नाही. पाऊण इंचाचा मात्र १९ च्या नटावर चपखल बसतो. फरक असतो तो मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा. मिस्त्री त्याला पाऊण इंचही म्हणत नाही आणि एकोणीसही म्हणत नाही. तो त्याला सहा सूत म्हणतो, आणि नट कसायला घेतो.