अकरावीची भीती, नर्सरीचा निर्णय

जून उजाडला की खानदेशात पारोळा, शिरपूर, साक्री, चाळीसगाव अशा कुठल्याही तालुक्याच्या गावाहून पिवळ्या गाड्या सकाळीच खेड्यांकडे निघतात आणि टाय लावलेली तीन-चार वर्षांची पोरे भरून आणतात. घरी चार एकर कोरडवाहू कापूस, डोक्यावर सोसायटीचे कर्ज. तरी फी भरली जाते. या आईबापांना इंग्रजीचे वेड लागले आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते वेड नाही, तो हिशेब आहे. चुकतो तो शेवटच्या पायरीवर.

हा हिशेब अकरावीपासून मागे मांडला जातो. गावच्या मराठी शाळेत दहावीला पहिला आलेला मुलगा जळगावच्या किंवा धुळ्याच्या कॉलेजात सायन्सला येतो. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, हे त्याला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. पण फळ्यावर ‘फोटोसिंथेसिस’ येते आणि सर ‘ट्रान्स्पिरेशन’, ‘रेस्पिरेशन’ म्हणत पुढे सरकतात. कानावर पडेल ते तो वहीत देवनागरीत उतरवून घेतो. शंका असते, पण इंग्रजीत विचारता येत नाही आणि मराठीत विचारायची लाज वाटते. दिवाळीपर्यंत हा हुशार पोरगा ‘कच्चा’ ठरलेला असतो. त्याला अडते ती भाषा. मार्क कापले जातात ते विज्ञानाचे. ज्या घराने हे एकदा पाहिले, ते धाकट्याला नर्सरीपासूनच इंग्रजी शाळेत घालते. गंमत अशी की, डॉक्टर होण्यासाठी द्यावी लागणारी ‘नीट’ मराठीतूनही देता येते. पण तिच्या आधीची दोन वर्षे वर्ग चालतो तो इंग्रजीतच.

आईबापांना मुलाला इंग्रजी यायला हवी असते. बाजारात मिळते ते इंग्रजी माध्यम. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि सगळी गफलत तिथेच आहे.

गावोगावच्या या शाळांत वर्ग कसा चालतो? बाई एक ओळ वाचतात, मुले एका सुरात ती म्हणतात, मग बाई तिचा अर्थ मराठीत सांगतात. प्रश्नांची उत्तरे फळ्यावरून वहीत आणि वहीतून पाठांतरात जातात. बाईंचा दोष म्हणावा तर तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या त्या बाईही मराठी शाळेतच शिकलेल्या. त्यांना इंग्रजी बोलायची संधी कोणी दिली? आणि समोरचे मूल घरून कोणती भाषा घेऊन येते? ‘मनी माय वावरमा गयी’ असे अहिराणीत सहज बोलणाऱ्या मुलाला ‘माझी आई शेतात गेली’ हीसुद्धा शिकावी लागणारी भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ या नोंदीखाली सुमारे 18 लाख 60 हजार लोक आहेत. त्यापलीकडे सातपुड्यातल्या भिली, पावरी, रावेर-यावलकडची लेवा गणबोली. या मुलांसाठी मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. दुसरी पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारायला लावली की, मूल कुठल्याच भाषेत धड वाचते होत नाही.

लवकर सुरू केले की भाषा येते, ही समजूतही तपासून पाहावी. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या शाळांत इंग्रजी आठवीपासून होती, पुढे ती पाचवीवर आली आणि 2000 मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून लागू झाली. शाळकरी मुलांच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी 24.5 टक्के मुलांना सोपी इंग्रजी वाक्ये वाचता आली. 2016 मध्ये हा आकडा 24.7 टक्के होता. वय खाली आणल्याने भाषा वर येत नाही.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, अशा देशांच्या इंग्रजी-प्रावीण्याच्या क्रमवारीत नेदरलँड्स वर्षानुवर्षे अग्रभागी असते. तिथल्या बहुतेक मुलांची शाळा डच भाषेत भरते. इंग्रजी हा एक विषय, पण नीट शिकवलेला. शिवाय टीव्हीवर इंग्रजी मालिका मूळ आवाजात, खाली डच ओळींसह. डच ही इंग्रजीची भावकीतली भाषा, हे खरे. पण मग मराठीसारख्या दूरच्या भाषेतून येणाऱ्या मुलाला ऐकणे आणि वाचणे कितीतरी अधिक मिळायला हवे. आपण देतो पाठांतर. जपान या यादीत खालच्या अंगाला असतो. म्हणून त्याचे विज्ञान अडलेले नाही.

आपल्या भाषेत राहून इंग्रजी मिळवणे खानदेशाला नवे नाही. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरातून इंग्रजीत तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक निघत होते. त्याच गावच्या शाळेत साने गुरुजी 1924 ते 1930 मुलांशी मराठीत बोलत होते. रावेर तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांनी इंग्रजीचे अध्यापन केले, लंडनलाही शिकवले आणि देशीवाद मांडला तो मराठीत. असामान्य माणसांवरून नियम काढू नये, हे मान्य. पण घरच्या बोलीत पाय रोवून इंग्रजी मिळवता येते, एवढे यातून नक्की दिसते.

यावर रोकडा आक्षेप आहे: पुण्या-मुंबईच्या सुशिक्षितांनी आपली मुले इंग्रजी माध्यमात घालायची आणि खानदेशच्या शेतकऱ्याला मातृभाषेचे महत्त्व सांगायचे? आक्षेप रास्त आहे. मात्र त्या मुलांना इंग्रजी शाळेइतकीच घरातून, पुस्तकांतून, नात्यागोत्यातून मिळते. शेतकऱ्याच्या मुलाला ती फक्त शाळेतूनच मिळणार. म्हणून त्याची शाळा जास्त चांगली हवी.

त्यामुळे उपदेश पालकांना नको, काम सरकारने आणि कॉलेजांनी करायचे आहे. आठवी ते दहावी विज्ञान-गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत शिकवा. अकरावीची पुस्तके द्विभाषिक करा, पहिले सहा महिने शंका मराठीत, अहिराणीत विचारू द्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या स्वतःच्या इंग्रजीवर पैसा खर्च करा. प्रत्येक शाळेत सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तके ठेवा, ती मुलांच्या हातात पडू द्या आणि बोलण्याला मार्क ठेवा. अकरावीची भिंत पाडली, तर नर्सरीच्या फीसाठी कर्ज काढण्याची वेळ येणार नाही. भिंत तशीच ठेवून मराठी शाळा वाचवण्याच्या सभा घेणे ही पालकांची फसवणूक आहे.