अडविलेल्या पाण्याचा धनी कोण?

जोयडा तालुक्यातील उळवी हे चन्नबसवेश्वरांचे क्षेत्र. माघातील यात्रेस जाणारा भाविक ज्या ओढ्यातून पायांतील वहाणा हाती घेऊन सहज पार होतो, त्याच ओढ्यात आषाढात पाय टाकण्याचे धाडस तिथला रहिवासीही करीत नाही. या तालुक्यात काळी नदीवर गणेशगुडी येथे 101 मीटर उंचीचे सुपा धरण उभे आहे. त्याच्या देखरेखीस अभियंते आहेत, नोंदवह्या आहेत, पाणी सोडण्यापूर्वी इशारा देण्याची व्यवस्था आहे. आमचा आजचा प्रश्न त्या मोठ्या धरणाविषयी नाही. अशाच डोंगराळ मुलुखात एखाद्या सधन गृहस्थाने आपल्या मालकीच्या जागेत ओढा अडवून, नौकाविहारासाठी व मासे धरण्यासाठी, दोन-तीन पुरुष उंचीचा मातीचा बांध घातला, तर त्या बांधाची प्रकृती ही त्याची खाजगी बाब मानावी काय? ओढ्याच्या खालच्या अंगास चार घरे आहेत, भातखाचरे आहेत, शाळेत जाणाऱ्या मुलांची पायवाट आहे.

‘जमीन माझी, पैसा माझा, पाणीही माझे’ हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. परंतु पाणी ही अशी वस्तू आहे की, ती थांबून आहे तोवरच धन्याची. ती निघाली की धनी उरतो काठावर आणि पाणी जाते शेजाऱ्याच्या घरात. शिवाय मातीचा बांध एका रात्रीत फुटला असे आपण म्हणतो खरे, पण त्याचे मरण बहुधा पुष्कळ आधी सुरू झालेले असते. सांडवा अरुंद ठेवला, किंवा तो पालापाचोळ्याने तुंबला, की पुराचे पाणी बांधाच्या माथ्यावरून वाहू लागते आणि माती कापीत जाते. उंदीर-घुशींची बिळे व बांधावर वाढू दिलेल्या झाडांची कुजलेली मुळे पाझराला आतून वाट करून देतात. पायथ्याशी झिरपणारे पाणी निर्मळ आहे तोवर थोडा अवधी असतो. ते गढूळ झाले म्हणजे बांध आपलीच माती बाहेर टाकीत आहे असे समजावे. हे ओळखण्यास विद्वत्ता लागत नाही. पावसात छत्री घेऊन बांधावरून एक फेरी मारण्याची इच्छा लागते.

ही इच्छा नसली तर काय होते, याचे दारुण उदाहरण अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया राज्यात घडले. साउथ फोर्क येथील जुने धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मंडळाने शिकारीसाठी व मासेमारीसाठी घेतले. कार्नेगी व फ्रिक हे प्रसिद्ध उद्योगपती त्या मंडळाचे सभासद होते. तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. ते पुन्हा बसविले गेले नाहीत. गाड्या नीट जाव्यात म्हणून बांधाचा माथा उतरविण्यात आला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावण्यात आल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत ते धरण फुटले व खाली सुमारे 22 किलोमीटरांवरील जॉन्सटाउन गाव उद्ध्वस्त झाले. 2,200 हून अधिक माणसे मेली. मंडळाकडून न्यायालयात कोणासही भरपाई मिळाली नाही. विहार डोंगरावरच्यांचा आणि मरण खोऱ्यातल्यांचे, अशी ती वाटणी होती.

कायद्याने या वाटणीचा विचार केलेला आहे. ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ या 1868 च्या निर्णयात इंग्लंडच्या उमराव सभेने असे ठरविले की, जो आपल्या सोयीसाठी जमिनीवर पाण्यासारखी निसटल्यास अपाय करणारी वस्तू साठवितो, त्याने ती स्वतःच्या जोखमीवर साठवावी. निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी नुकसानीचा भार त्याच्यावरच पडतो. पुढे 1874 मध्ये मद्रास रेल्वे कंपनी व कार्वेटनगरचे जमीनदार यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने मात्र फुटलेल्या तलावांबद्दल जमीनदारास जबाबदार धरले नाही. ते तलाव पुरातन होते, रयतेच्या शेतीचे जीवन होते आणि ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच होते. त्यात त्याची हयगय दिसली नाही.

हे दोन निर्णय परस्परविरोधी नाहीत. ज्या पाण्यावर सर्वांचे पोट चालते, त्याचा धोका सर्वांनी वाटून घेणे न्याय्य होय. जे पाणी एकाच्या करमणुकीसाठी आहे, त्याचा धोका दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. अशा वेळी ‘दैवाने पाऊस पाडला’ हा बचाव दुबळा ठरतो. पाऊस दैवाचा खरा, पण सांडव्याची रुंदी माणसाने ठरविलेली असते.

आपल्याकडे 2021 साली धरण-सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरांहून उंच धरणांना आणि दहा ते पंधरा मीटरांमधील काही विशिष्ट धरणांना लागू आहे. आमच्या कल्पित गृहस्थाचा बांध त्या मापात बसणार नाही. पण धोका उंचीच्या कलमाकडे पाहून येत नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहानसे सरकारी धरण फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. ग्रामस्थांनी गळतीची तक्रार पूर्वीच केली होती, हे मागाहून सर्वांनी वाचले. कायदा जेथे संपतो तेथे धर्म सुरू होतो, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

देवळाच्या तळीचा विचार वाचकांनी करून पाहावा. तळी देवाची, तिच्यावर कोणा एकाचा हक्क नाही. म्हणूनच गाळ साचला, पायरी ढासळली, तर ते दहा जणांच्या नजरेस येते व महाजनांना जाब विचारता येतो. खाजगी तळ्यास हा जाब विचारणारा नसतो. म्हणून त्याच्या धन्याने स्वतःस मालक न समजता विश्वस्त समजावे: पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करावा, जाणत्याकडून बांध तपासून घ्यावा, पाणी उतरविण्याचा मार्ग चालू ठेवावा, खालच्या घरांना पाण्याची खरी स्थिती सांगावी आणि त्यांची तक्रार उपद्रव न मानता पहारा मानावी. जागा विकायची झाल्यास बांधाचे दोष लपवू नयेत. एवढे करणे ज्यास परवडत नाही, त्याने जाणत्याच्या देखरेखीखाली पाणी हळूहळू सोडून देऊन ओढा मोकळा करावा. त्याचा एक विहार कमी होईल. खाली मात्र चार घरांतील माणसे पावसाळी रात्री निर्धास्त झोपतील.