देवाला वाहिलं ते कुणी?

सुरतेत, उधन्यातल्या माझ्या घरी सकाळी केसरबाई केरकर लावल्या की मला वेगळी पूजा करावीशी वाटत नाही. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली. त्या गोव्यातल्या केरी गावच्या, कलावंत समाजातल्या. या समाजातल्या मुलीचा शेंस विधी होई: पुरुषवेषातल्या दुसऱ्या मुलीशी लुटूपुटूचं लग्न लावून तिला देवाला वाहिलं जाई. मग देवळात गाणं-नाचणं, आणि बहुधा एखाद्या यजमानाचा आश्रय. संसार मात्र नाही.

कलेला वाहिलेलं असंच आयुष्य जपानमध्येही दिसतं. क्योतोतली मायको गेइशा होण्यासाठी वर्षानुवर्षं नाच, शामिसेन, चहाविधी शिकते. आज ती शाळा आटोपून स्वतःहून गेइशांच्या घरात जाते. पूर्वी गरिबांच्या मुली विकल्याही जात. शेंस होणाऱ्या पोरीला तर कुणी विचारतच नसे.

मी वारकरी घरातला. अर्पण ज्याचं त्यानेच करायचं असतं, असं मी मानतो. आईबापांनी, गावाने, महाजनांनी दुसऱ्याचं आयुष्य देवाला दिलं तर ते दान नव्हे, आणि देवाच्या नावाने ते पवित्रही होत नाही. ‘त्या रूढीशिवाय हे गाणं जन्मलं नसतं’ असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. गाणं त्या बायांच्या रियाझाचं आहे. त्याचं श्रेय रूढीला देणं ही त्यांच्याच कष्टांची चोरी आहे.

याच समाजातल्या राजाराम पैंगीणकरांचं ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र १९६९ सालचं. केसरबाई ऐकणाऱ्यांनी तेही वाचावं.